नगरपालिकेची खुर्ची : वऱ्हाडातली दीडशे वर्षं



बचत गटाच्या बैठकीत नगरपालिकेचा विषय निघाला, की एखादी हमखास म्हणते, "आपण खेड्यातल्या बाया. आपल्याले ग्रामपंचायत. तालुक्याच्या गावात नगराध्यक्ष कोण झाला, त्याचं आपल्याले काय करायचं?"

म्हटलं तर बरोबर आहे. त्या निवडणुकीत आपलं मत नसतं. पण अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, यातल्या एखाद्या गावात आठवड्यातून एकदा तरी आपला पाय पडतोच. बाजाराच्या दिवशी मेथीच्या जुड्या, वांगी, गावरान अंडी घेऊन आपण रस्त्याच्या कडेला बसतो, तेव्हा पावती फाडायला येणारा माणूस नगरपालिकेचा असतो, नाहीतर तिच्या ठेकेदाराचा. दिवसभर बसलेल्या बाईला जायला जागा आहे की नाही, हे नगरपालिकेनं ठरवलेलं असतं. आपल्या लेकी शिकायला तिथं जातात. बसस्टँडपासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर दिवा लागतो की नाही, तेही तिथंच ठरतं. आणि उद्या आपलंच गाव वाढून त्याची नगरपंचायत झाली तर? वऱ्हाडात असं झालेलं आहे. त्याबद्दल आम्ही शेवटी बोलणारच आहोत.

म्हणून आज या खुर्चीचा इतिहास सांगतो. तिच्यावर आधी कोण बसत होतं, मग कोण बसलं, आपली पाळी कधी आली, आणि आली तेव्हा खुर्चीत किती जोर शिल्लक होता, एवढंच.

साहेबाची खुर्ची

वऱ्हाड आधी निजामाच्या राज्यात होता. निजामावर इंग्रजांच्या फौजेच्या खर्चाचं कर्ज झालं आणि १८५३ च्या तहानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. पुढं दहा वर्षांच्या आत अमेरिकेत मोठं युद्ध पेटलं. तिथला कापूस विलायतेला जाईना. तिथल्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि आपल्या काळ्या जमिनीत तो पिकत होता. भाव चढले. रेल्वे आली. रुळांच्या कडेला जिनिंग उभे राहिले, गठाणी बांधणारे प्रेस उभे राहिले. अमरावती, अकोला, खामगाव ही गावं बघता बघता फुगली.

गाव फुगलं की घाण फुगते. गाडीतळावर बैलांचं शेण, उघडी गटारं, अपुऱ्या विहिरी, आणि उन्हाळा संपता संपता पटकीची साथ. अशा वेळी झाडलोट, दिवाबत्ती आणि पाणी बघायला सरकारनं नगरपालिका काढल्या. अकोल्याची नगरपालिका १८६७ सालची. खामगावचीही त्याच वर्षाची.

या नगरपालिकांचा मुख्य कोण होता? सरकारी साहेब. आपल्याकडं कलेक्टरऐवजी डेप्युटी कमिशनर म्हणत. गावातली चार वजनदार माणसं तो सभासद म्हणून नेमायचा. गावानं निवडावं, असा विचारच तेव्हा नव्हता. कर गावानं भरायचा आणि खर्च साहेबानं ठरवायचा, अशी रीत होती.

१८८२ साली लॉर्ड रिपन या व्हाइसरॉयनं ठराव काढला, की गावच्या कारभारात लोकांनी निवडलेली माणसं असावीत. त्यानंतर १८८६ साली वऱ्हाडासाठी नगरपालिकांचा वेगळा कायदा झाला. हळूहळू निवडून आलेले सभासद वाढले आणि साहेबानं खुर्ची सोडायला सुरुवात केली.

त्याच १८८६ साली कारंजा गावी कापसाचा बाजार सरकारी नियमाखाली आला. देशात नियमानं चालणारा कापसाचा पहिला बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. पुढं १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदाही झाला. म्हणजे आपल्या भागात गावचा कारभार आणि कापसाचा बाजार एकमेकांचा हात धरून वाढले. गावात पैसा कापसाचा होता, म्हणून गावच्या कारभारात शब्द चालायचा तो कापसाचा व्यापार करणाऱ्यांचा, सावकारांचा आणि वकिलांचा.

अमरावतीला त्या वेळी उमरावती म्हणत. तिथं दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर, मोरोपंत जोशी ही वकील मंडळी पुढारी होती. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं. शंकरन नायर अध्यक्ष होते, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. मुधोळकर तर पुढं १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नगरपालिका आणि जिल्हा बोर्ड ही या पिढीची कारभाराची पहिली शाळा होती. नियमानं सभा घेणं, ठराव मांडणं, हिशेब विचारणं हे आपली माणसं तिथं शिकली. देशाचं राज्य मागायच्या आधी त्यांनी गटार आणि दिवाबत्तीचा कारभार करून बघितला.

पण मत कोणाला होतं? ज्याच्या नावावर घर, ज्याच्या नावावर कर, त्याला. पऱ्हाटीच्या शेतात वाकून कापूस वेचणारी बाई, जिनमध्ये सरकी-रुईच्या धुळीत खोकणारी बाई, तिच्या कष्टावर तो बाजार उभा होता. मतदारांच्या यादीत मात्र तिचं नाव नव्हतं. तिच्या नवऱ्याचंही बहुधा नव्हतं.

ठराव झाला, पाणी मिळालं का?

मैत्रिणींनो, निवडून आलेली माणसं आली म्हणजे सगळ्यांना न्याय मिळाला, असं झालं नाही. याची सगळ्यात मोठी साक्ष कोकणातल्या महाड या लहान गावाची आहे.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला, की सरकारी पैशानं चालणाऱ्या सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनंही १९२४ साली ठराव केला आणि चवदार तळं सगळ्यांना खुलं झालं. कागदावर झालं. तळ्यावर जायची हिंमत कोणाची होईना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. परत जाणाऱ्या लोकांवर गावात हल्ला झाला. आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये महाडच्या नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. पुढं कोर्टकचेरी झाली. हायकोर्टाचा निकाल १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. म्हणजे ठरावापासून पक्क्या हक्कापर्यंत तेरा वर्षं गेली.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. नगरपालिकेनं केलेला ठराव नगरपालिका फिरवू शकते. ठरावाच्या मागं माणसं उभी नसली, तर तो वहीतच राहतो.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेब अमरावतीलाही आले होते. वऱ्हाडातल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. अंबादेवीचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं, ही मागणी तेव्हा पेटली होती, आणि पंजाबराव देशमुख त्या चळवळीत पुढं होते. पापळ गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा विलायतेतून बॅरिस्टर होऊन आला होता. १९२८ साली पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. जिल्हा कौन्सिल म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेची आधीची पायरी. खुर्ची हातात येताच त्यांनी दोन कामं धरली. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या, आणि प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढवला. कर वाढवणं कोणाही पुढाऱ्याला जड जातं, कारण मतं तुटतात. त्यांनी ते केलं. १९३२ साली त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरचं पहिलं शिकलेलं माणूस त्या संस्थेच्या शाळेत शिकलं असेल. त्यांच्या पत्नी विमलाबाई पुढं १९६७ साली राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

खुर्चीपासून दूर राहूनही गावाला वळण लावणारी माणसं वऱ्हाडानं पाहिली आहेत. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरताच आधी झाडू घ्यायचे. त्यांना मतं मागायची नव्हती. आज स्वच्छतेच्या सरकारी योजनेला त्यांचं नाव आहे. नगरपालिकेचा कचरा कोण उचलतं, त्या बाईला हातमोजे मिळतात का, तिचा पगार वेळेवर होतो का, हे विचारलं तर त्या नावाला काही अर्थ राहील.

खारं पाणी आणि गोड पाणी

वऱ्हाडात कारभाऱ्याची परीक्षा पाण्यावर होते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा, तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहीर खोदा, बोअर मारा, पाणी लागतं ते खारं. डाळ शिजत नाही, चहा नासतो, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं तर मूत्रपिंडाचा त्रास मागं लागतो. अकोला जिल्ह्यातल्या दहिहांडा गावी एप्रिल १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र शेकडो मैल दूर. पण विहिरीचं पाणी इतकं खारं, की ते आटवून सत्याग्रहींनी मीठ केलं. ब्रिजलाल बियाणी त्यात पुढं होते. देशासाठी ती अभिमानाची गोष्ट झाली. पण त्याच खाऱ्या पट्ट्यात रोजचं पाणी शोधत फिरणारी बाई होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

आज सातपुड्याच्या पायथ्याच्या वान आणि शहानूर या धरणांतून गोडं पाणी खाली येतं. अकोला शहराला काटेपूर्णा धरण, अमरावतीला अप्पर वर्धा धरण. वानच्या पाण्यावर अकोटकडचीही तहान भागते आणि खारपाणपट्ट्यातल्या खेड्यांची चौऱ्याऐंशी खेडी योजनाही चालते. एका धरणाचं पाणी शेतीला किती, शहराला किती, खेड्याला किती, यावरून ओढाताण होते. अशा वेळी नगराध्यक्ष आपल्या शहरासाठी बोलतो, आमदार बोलतात, सरपंच बोलतात. त्या बोलण्यात हंडा वाहणारीचा आवाज किती असतो, हा प्रश्न आहे.

बाईची पाळी

आता बाईकडं येऊ. १९२७ साली मध्य प्रांताच्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत बायकांना मताचा हक्क मिळाला. मद्रास आणि मुंबई इलाख्यांत तो १९२१ सालीच मिळाला होता. पण तेव्हाही जिच्या नावावर मालमत्ता, तिलाच मत. शंभरातल्या किती जणींच्या नावावर काही होतं? प्रत्येक सज्ञान बाईला मत मिळालं ते राज्यघटना आल्यावर, १९५० साली.

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. तरी आपल्या नगरपालिका १९२२ च्या जुन्या मध्य प्रांताच्या कायद्यानंच चालत होत्या. सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच कायदा झाला तो १९६५ साली. आजही तोच कायदा आहे. त्यात दुरुस्त्या मात्र पुष्कळ झाल्या.

मत होतं, पण खुर्ची लांब होती. तिथवर जायची वाट बायांनी खेड्यातून काढली, शहरातून नाही. १९६३ साली पुणे जिल्ह्यातल्या निंबुत गावात सगळ्या बायांचीच ग्रामपंचायत आली. कमलाबाई काकडे सरपंच झाल्या. १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन चांदवडला भरलं. लाखांवर बाया आल्या. तिथं ठरलं, की पंचायतीच्या निवडणुका बायांनी लढवायच्या. मग १९८९ साली जळगाव जिल्ह्यात विटनेर, आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात मेटीखेडा आणि वर्धा जिल्ह्यात येनोरा, अशा गावांत सगळ्या बायांच्या पंचायती निवडून आल्या. तेव्हा असं कोणतंही आरक्षण नव्हतं. या बाया शेतात राबणाऱ्या होत्या.

त्यानंतर १९९० साली महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत बायांना तीस टक्के जागा राखल्या. १९९३ साली देशाची राज्यघटनाच दुरुस्त झाली. पंचायतीसाठी त्र्याहत्तरावी आणि नगरपालिकेसाठी चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती आली, आणि एक तृतीयांश जागा पक्क्या झाल्या. २०११ साली महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. नगराध्यक्षपदाचंही तसंच आहे. कोणत्या गावात बाई नगराध्यक्ष होणार, याची सोडत मुंबईत निघते.

अमरावतीनं मोठ्या पदावरच्या बाया आधीही पाहिल्या होत्या. उषाताई चौधरी १९८० आणि १९८४ साली इथून लोकसभेवर गेल्या. १९९१ साली प्रतिभाताई पाटील गेल्या, आणि २००७ साली त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्यांचे पती देवीसिंह शेखावत अमरावती महापालिकेचे पहिले महापौर. म्हणजे नवरा शहराचा महापौर आणि बायको खासदार, असं घर याच शहरात होतं. तरी ज्याचं पद त्याचंच राहिलं. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आज कितीतरी ठिकाणी फलकावर बाईचं नाव असतं आणि खुर्चीशेजारच्या खुर्चीत नवरा बसून बोलतो. बैठकीत बसायचा, फाइल बघायचा, कर्मचाऱ्याला हुकूम द्यायचा त्याला काही अधिकार नाही. निवडून आली ती. सही तिची. उद्या चौकशी लागली तर नोटीसही तिच्याच नावानं येते. हे शेवटचं वाक्य प्रत्येक नव्या नगरसेविकेला कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं.

थेट की नगरसेवकांतून?

आता थोडा किचकट भाग. पण तो समजला तर बातम्या नीट समजतात.

नगराध्यक्ष निवडायच्या दोन रीती आहेत. एक, आपण नगरसेवक निवडायचे आणि त्यांनी आपल्यातून नगराध्यक्ष निवडायचा, जसा पूर्वी सरपंच निवडत. दुसरी, गावानंच थेट मत देऊन नगराध्यक्ष निवडायचा. महाराष्ट्रात या दोन रीतींचा लपंडाव चालू आहे. १९७४ साली थेट निवडणूक झाली. पुढं ती बंद झाली. २००१ साली पुन्हा थेट आली. २००६ साली पुन्हा नगरसेवकांतून. २०१६ साली पुन्हा थेट. २०२० साली रद्द. २०२२ साली परत थेट. सरकार बदललं की खुर्चीचा जिना बदलतो.

दोन्हींत खोट आहे. नगरसेवकांनी निवडायचं असेल, तर निकालानंतर पळवापळवी होते. नगरसेवकांना गाडीत घालून सहलीला नेतात आणि मतदानाच्या दिवशी परत आणतात. अशा व्यवहारात नवी, गरीब घरची बाई टिकणं कठीण. पुढं अविश्वास ठरावाची टांगती तलवार असतेच. थेट निवडणुकीत बाई सगळ्या गावाच्या मतानं येते. तिला चार नगरसेवकांच्या रुसव्याफुगव्यावर जगावं लागत नाही. पण सगळ्या गावात प्रचार करायचा म्हणजे पैसा लागतो, आणि पैसा बहुधा तिचा नसतो. शिवाय नगराध्यक्ष एका पक्षाची आणि नगरसेवक जास्त दुसऱ्या पक्षाचे, असं झालं तर तिचे विषय सभेत अडतात.

म्हणून कोणती रीत चांगली, याचं उत्तर आम्ही देत नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की नियम वारंवार बदलला तर बाईला खुर्ची समजून घ्यायला वेळच मिळत नाही. आरक्षणाच्या सोडतीचंही तसंच. एकीनं पाच वर्षं घालवून काम शिकावं, आणि पुढच्या वेळी जागा दुसऱ्या वर्गाला जावी. पक्षानं तिला खुल्या जागेवर उमेदवारी द्यावी, असं क्वचितच होतं.

खुर्ची रिकामी होती तेव्हा

आपल्या भागातल्या बहुतेक नगरपालिकांच्या निवडणुका २०१६ च्या शेवटी झाल्या होत्या. पाच वर्षांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली. मुदत संपायच्या आत निवडणूक व्हावी, असं राज्यघटना सांगते. पण ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि निवडणुका थांबल्या. जवळजवळ चार वर्षं गावोगावी प्रशासक बसले. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्यायला सांगितलं. २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान झालं, काही ठिकाणचं २० डिसेंबरला, आणि निकाल २१ डिसेंबरला लागला. नगराध्यक्ष थेट निवडले गेले. नगरपरिषदेत बहुतेक प्रभागांत प्रत्येकाला तीन मतं द्यायची होती, दोन नगरसेवकांना आणि एक नगराध्यक्षाला.

त्या चार वर्षांत काय झालं? नळ आला, दिवे लागले, कर वसूल झाला. कारभार थांबला नाही. पण सभा झाली नाही. वॉर्डातल्या बाईनं कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, ते दार नव्हतं. प्रशासक अधिकारी चांगलाही असू शकतो. पण तो तुमच्या मतावर आलेला नसतो आणि तुमच्या मतानं जात नाही. १८६७ साली खुर्चीवर साहेब बसत होता. एकविसाव्या शतकात तीच खुर्ची पुन्हा चार वर्षं साहेबाकडं गेली, आणि फार कोणी ओरडलं नाही. आम्हाला याचीच जास्त काळजी वाटते.

निवडून आलेली नगराध्यक्ष असली, तरी रोजचा कारभार मुख्याधिकाऱ्याच्या हातात असतो. तो सरकारचा नोकर. पैसे काढणं, कामाचे आदेश देणं, कर्मचाऱ्यांवर देखरेख ठेवणं त्याच्याकडं असतं. नगराध्यक्ष सभा बोलावते, सभेची अध्यक्ष असते, स्थायी समितीची प्रमुख असते. कोणती कामं घ्यायची आणि अंदाजपत्रकात किती ठेवायचं, ते सभा ठरवते. महिला व बालकल्याण समिती असते. तिच्याकडं निधी किती आला आणि तो शिलाई मशिनवर गेला, की बाजारातल्या मुतारीवर, हे विचारायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. २००५ च्या माहिती अधिकारानं तो खेड्यातल्या बाईलाही आहे. अर्ज करायला त्या गावची मतदार असावं लागत नाही.

गाव नगरपंचायत झालं तर

आता शेवटचा मुद्दा. २०१४-१५ च्या सुमारास सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. आपल्याकडं तिवसा, भातकुली, नांदगाव खंडेश्वर, धारणी, बार्शीटाकळी ही त्यातली. रात्री झोपताना बाई गावची होती, सकाळी उठली तर शहरातली झाली. घर तेच, शेत तेच, हातातलं खुरपंही तेच.

नगरपंचायत झाली की शहराच्या योजनांचा पैसा येतो. रस्ते, नाल्या, घरकुल यांसाठी निधीची वेगळी दारं उघडतात. हा फायदा खरा आहे. पण काही गोष्टी जातात. रोजगार हमीचं काम ग्रामीण भागासाठी आहे, ते बंद होतं. उमेदच्या गटांची रचना ग्रामीण भागाची, म्हणून गटाला शहरी अभियानाकडं नव्यानं जावं लागतं. घर बांधायची परवानगी, घरपट्टी यांचे नियम बदलतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ग्रामसभा जाते. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे. कितीतरी गावांत ती कागदावरच होते, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी ती मागता येते. "सभा का घेतली नाही?" असं सरपंचाला तोंडावर विचारता येतं. नगरपंचायतीत सभा होते ती नगरसेवकांची. राज्यघटनेत प्रभाग समित्यांची सोय आहे, पण ती सक्तीची आहे तीन लाख आणि त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना. लहान गावातली बाई मधल्या मध्ये राहते. ग्रामसभा गेली आणि प्रभाग समिती आली नाही.

म्हणून मैत्रिणींनो, ज्यांचं गाव अजून ग्रामपंचायत आहे, त्यांनी महिला सभेची सवय आत्ताच पक्की करा. ज्यांचं गाव नगरपंचायत झालं आहे, त्यांनी प्रभागातल्या सगळ्या गटांची मिळून महिन्याला एक बैठक ठेवा आणि तिथं नगरसेविकेला बोलवा. तिला एकटीला बोलवा. ती आली की आधी चहा द्या, मग प्रश्न विचारा. नळ किती दिवसांनी येतो? बाजाराचा ठेका कितीला गेला? महिला बालकल्याणचे पैसे कुठं गेले? पहिल्या वेळी ती म्हणेल, विचारून सांगते. सांगू द्या. दुसऱ्या वेळी ती वही घेऊन येईल. आपल्या प्रश्नांमुळं तिलाही सभेत विचारायला विषय मिळतो आणि तिच्यामागं बाया आहेत, हे मुख्याधिकाऱ्याला कळतं.

ज्या आठवडी बाजाराला जातात, त्यांनी पुढच्या बाजारी एक काम करा. पावती फाडून घेतल्यावर ती फेकू नका. तिच्यावर किती रुपये लिहिलेत, ते वाचा, आणि नगरपालिकेनं ठरवलेला दर किती आहे, ते विचारून घ्या. चार बाजारांच्या पावत्या गटाच्या बैठकीत आणा. मग त्या पैशांत बाजारातल्या बाईसाठी काय केलं, असा अर्ज गटाच्या नावानं नगराध्यक्षांना लिहा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.